मागच्याशी अबोला

आमच्या आळीत बाकीचे लोक समुद्राला समुद्र म्हणत असतील, आत्याच्या घरात म्हणत नसत. तिथं तो 'मागचा' होता. "मागच्याचा आवाज आज जास्त आहे." "मागच्याने कुणाचं तरी जाळं आणून टाकलंय." "पाय झाड आधी, मागच्याकडची वाळू घेऊन आलास." मी नवा नवा राहायला आलो तेव्हा माझी समजूत झाली, की मागच्या घरात कोणी भांडकुदळ गृहस्थ राहतात आणि आत्याचं त्यांच्याशी जुनं वैर आहे. ती समजूत अगदीच चुकीची होती असं आता म्हणवत नाही.

आत्या नात्याने माझी कोणी नव्हे. ती माझी घरमालकीण. श्रीवर्धनच्या एका जुन्या आळीत तिचं घर, त्या घराची पुढची बाजू मी भाड्याने घेतली. तिला लग्न करून कुठे जायचं नव्हतं, ती गेली नाही. भावाच्या घरात राहिली, भावाच्या मुलाला वाढवलं, आणि त्या मुलाची आत्या ती हळूहळू सगळ्या आळीची आत्या झाली. टपालवाला तिला आत्या म्हणायचा आणि वयाने तिच्याहून मोठे असलेले देवळातले गुरवही आत्याच म्हणायचे. ती जाऊन आता बराच काळ झाला. मी मात्र अजून त्याच घरात राहतो, आणि समुद्रावर जायचं तर अजूनही पुढच्या दाराने बाहेर पडून सगळ्या आळीला वळसा घालून जातो. का, ते सांगतो. पण आधी मी इथं कसा येऊन कडमडलो ते सांगायला हवं.

मी पुण्यात जाहिरातींचा मजकूर लिहायचो, त्यातही बिल्डरांच्या. 'लाटांच्या कुशीत तुमचं हक्काचं घरकुल' ही ओळ माझी. ते घरकुल होतं खडी फोडायच्या मशीनच्या मागे. गच्चीवरच्या टाकीवर चढून, चवड्यांवर उभं राहिलं तर भरतीच्या वेळी समुद्र दिसतो असं तिथला वॉचमन म्हणायचा, आणि त्याच्या भरवशावर मी लाटा लिहिल्या. अशा लाटा मी इतकी वर्षं लिहिल्या, की शेवटी स्वतःच गिऱ्हाईक झालो. नोकरी संपायला आली तशी मला स्वप्नं पडू लागली. जुनी ऐतिहासिक वस्ती, कौलारू घर, पडवीत आरामखुर्ची, समोर मावळता सूर्य, हातात चहा. बायकोला सांगितलं. ती शाळेत शिकवते, तिची नोकरी अजून शिल्लक होती. "तू हो पुढे," ती म्हणाली, "मी बघते." ती अजून बघतेच आहे.

तर आलो. आळी पाहिली आणि अक्षरशः हरखलो. कुंपणाला जांभ्या दगडाचे गडगे, त्यांच्यावर शेवाळ, एकाला एक लागून कौलारू घरं, प्रत्येक अंगणात तुळस. आत्याच्या घराच्या मागे सुपारीची वाडी, वाडीच्या टोकाला केवड्याचं बन आणि बनाच्या पलीकडे समुद्र. म्हणजे समुद्र घराला लागूनच! सामान उतरवलं, आरामखुर्ची उचलली आणि थेट मागच्या पडवीत नेऊन मांडली. बसलो. समोर सुपाऱ्या. सुपाऱ्यांच्या मागे आणखी सुपाऱ्या. दिवसाढवळ्या तिथं असा हिरवा काळोख होता, की मावळता सूर्य सोडाच, भर दुपारचा सूर्यही चौकशी करून आत आला असता.

"आत्या, इथून समुद्र कुठे दिसतो हो?" मी विचारलं.

आत्या केळीच्या खोडाचं सोप सोलत होती. कमरेला टॉर्च खोचलेला, कारण वाडीत दुपारीही अंधार, आणि पायात मयत भावाच्या मोठ्या मापाच्या स्लिपर. तिने मला नीट न्याहाळलं.

"दिसायला कशाला हवा? आहे ना तो तिथं. पळून जातोय का?"

"तसं नव्हे, पण इतक्या जवळ समुद्र आणि घराचं तोंड आळीकडे..."

"मग कुठे हवं? आमच्या आजा-पणजाला काय डोळे नव्हते? पाठ करून बांधली घरं, सगळ्या आळीने. त्याच्याकडे तोंड करून कोळ्यांनी बसावं, त्यांचं त्याच्याशी काम असतं. आपलं काय काम? उगीच एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायचं!" मग खुर्चीकडे बोट करून म्हणाली, "ती खुर्ची पुढे ने. इथं डास फोडून खातील."

डासांच्या बाबतीत तिचं खरं निघालं. खुर्ची संध्याकाळी पुढच्या ओटीवर गेली आणि मी मावळत्या सूर्याऐवजी पिठाच्या गिरणीकडे बघत चहा प्यायलो.

मी पुण्याहून आलो याची तिला फार गंमत वाटायची. "पेशवे इथले," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची, "शहाणी माणसं. वेळेवर उठून पुण्याला गेली. आणि हे पुणेकर बघा, तिथून उठून इथं आले!" दुसऱ्या दिवसापासून माझं नाव पुणेकर पडलं, आणि तिसऱ्या दिवशी 'अहो'चं 'अरे' झालं. घराच्या ऐतिहासिकपणाविषयी मी काही बोलायला लागलो की ती भिंतीला हात लावायची आणि हात माझ्यापुढे धरायची. "हा बघ तुझा इतिहास. ओल आहे नुसती." शनिवार-रविवारी फोन उगारून पर्यटक आळीत शिरायचे. कोणीतरी मुलगी लाडाने विचारायची, "आजी, हे घर किती जुनं आहे?" आत्या गंभीर चेहऱ्याने सांगायची, "काल बांधलं."

ओल मात्र होती, नाही कोण म्हणतो! पापड हवेनेच मऊ पडायचे. पुस्तकांना बुरशीच्या मिशा फुटल्या. स्कूटर गंजली, चष्म्याचा स्क्रू गंजला, आणि फोनवर बायको "कसं वाटतंय रे समुद्राकाठी?" असं विचारायची तेव्हा मी गंजलेल्या पंख्याखाली घाम पुसत "स्वर्ग!" म्हणायचो. ती म्हणायची, "आवाजावरून नाही वाटत."

आत्याचे नियम थोडे होते, पण कडक होते. पहिला नियम मागच्या दाराचा. ते दार वाडीत जायला, समुद्रावर जायला नव्हे. वाडीतून एक पायवाट सरळ केवड्याच्या बनातून वाळूवर जायची, पण तिच्यावरून समुद्राकडे जाणं म्हणजे आत्याच्या लेखी शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात मागच्या दाराने घुसणं. "ज्याच्याकडे जायचं त्याच्याकडे रस्त्याने जावं, चार माणसांच्या देखत." म्हणून मी पुढून निघायचो. आळी, देऊळ, गिरणी, मच्छी बाजाराचा कोपरा, मग वळून किनारा. वाटेत सगळे विचारायचे, "काय, फिरायला?" पोचेपर्यंत मी इतका दमायचो, की वाळूत बसून समुद्राकडे बघायचो आणि आता एवढंच परत चालायचंय या विचाराने व्याकुळ व्हायचो. परत आल्यावर अंगणातल्या पाण्याच्या दगडी डोणीशी पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा, आणि आत्या टॉर्च मारून तपासायची.

पुण्याचे मित्र आले तेव्हा तर माझी फारच शोभा झाली. फोनवर मी 'समुद्र अगदी पाठीला लागून' असं सांगून ठेवलेलं. ते आले, मागे गेले, हिरव्या काळोखात उभे राहिले. "कुठाय रे?" मी म्हटलं, "डोळे मिटा. ऐका." सगळ्यांनी भक्तिभावाने डोळे मिटले. खर्रर्र असा आवाज येत होता. एक जण एक डोळा उघडून म्हणाला, "हा मिक्सर आहे." आणि मिक्सरच होता. आत्या ओलं खोबरं वाटत होती.

आता माझ्यासारख्या माणसाला एवढं सगळं पाहून काय सुचावं? मला सुचलं, की हिच्या आयुष्यात काहीतरी घडलेलं आहे. समुद्राने हिचं कोणीतरी नेलं. ठरलेला नवरा असेल, गलबतावरचा. किंवा धाकटा भाऊ. मी अंघोळीच्या वेळी ती गोष्ट मनात रचायचो, आणि एकदा तर माझ्याच गोष्टीने माझे डोळे भरून आले. शेवटी एका दुपारी, ती अडकित्त्याने सुपारी कातरत बसली होती तेव्हा, मी आवाज मऊ करून विचारलं, "आत्या, तुमचं कोणी... म्हणजे मागच्याने कोणाला नेलं का हो?"

अडकित्ता थांबला. "नेलं ना," ती म्हणाली.

मी पुढे सरकून बसलो.

"पितळी तांब्या. चांगला जड होता, आईच्या माहेरचा. भावाने नेला वाळूचे किल्ले करायला आणि आला हात हलवत. अजून आठवला की जीव हळहळतो."

"आणि माणूस?"

"माणूस कशाला नेईल? आमच्यातलं कोणी घोट्याच्या वर पाण्यात जात नाही." मग माझा पडलेला चेहरा बघून तिला माझी दया आली असावी. "अरे, भांडण नाही माझं त्याच्याशी. शेजार आहे. शेजाऱ्याकडे किती जावं-यावं याला माप असतं. आपण आपलं दार लावून घ्यावं, त्याने त्याच्या घरी राहावं. मधे मंडळी आहेत म्हणून दोघांचं बरं चाललंय."

मंडळी म्हणजे सुपारीची झाडं. ती त्यांना कधी झाडं म्हणाली नाही. "मंडळींना पाणी सोडलं का?" "मंडळी आज गप्प आहेत." वाडीतला गडीसुद्धा तसंच म्हणायचा. रोज सकाळी ती वाडीत एक फेरी मारायची, टॉर्च लावून, आणि शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन केवड्याच्या बनापाशी परत फिरायची. तिथून पुढे आळीच्या भाषेत 'त्याची हद्द' होती.

हवामानाचा अंदाजही ती द्यायची. कान मागे करून ऐकायची आणि जाहीर करायची. लोक मोठ्या श्रद्धेने ऐकायचे आणि अंदाज निम्म्याहून जास्त वेळा चुकायचा. तिने "आज पाऊस नाही" म्हटलं की मी पापड वाळत घालायचो, आणि पापड भिजायचे. तिला बोलून दाखवलं तर म्हणायची, "तो सांगतो तसं मी सांगते. तो खोटं बोलला तर मी काय करू?"

या सगळ्यात एकच खरी काळजी होती आणि ती पनवेलहून यायची. आत्याचा भाचा. तिनेच वाढवलेला, आता ट्रक-ट्रेलरच्या धंद्यात चांगला नावारूपाला आलेला, गॉगलवाला, पोट सुटलेला, मनाने लोण्यासारखा. महिन्यातून एकदा गाडी भरून सामान घेऊन यायचा आणि आत्याच्या पायाशी बसायचा. कागदोपत्री घर त्याचं होतं. ती आहे तोवर तिचं, असं त्याचे वडील सांगून गेले होते आणि त्याने ते पाळलं होतं. पण त्याच्या डोक्यात कॉटेज शिरली होती.

"आत्या, बॅक साइडची झाडं काढली ना, डायरेक्ट सी-व्ह्यू! चार कॉटेज टाकू, मस्त झोपाळे. तू नुसती राणीसारखी बसून राहा."

"मी बसलेलीच आहे."

"अगं, काशीदला जाऊन बघ लोकांनी काय काय केलंय! आपण इथं सुपाऱ्या मोजत बसलोय." मग माझ्याकडे वळून, "काका, तुम्ही तर याच लाइनीतले. समजवा ना हिला. आणि दोन ओळी लिहून ठेवा आपल्यासाठी, एकदम कडक."

मी "छे छे" म्हणालो. पण सांगायला लाज वाटते, तो वाक्य पुरं करायच्या आत माझ्या डोक्यात ओळी तयार झाल्या होत्या. सवय वाईट! आत्या माझ्याकडे रोखून बघत होती. तिला माझं डोकं चालताना ऐकू येत असावं.

"माझ्या घरात सकाळी उठल्या उठल्या त्याचं तोंड बघायचं?" ती भाच्याला म्हणाली. "मी मेल्यावर काय ते कर. मी आहे तोवर मंडळी हलणार नाहीत."

मंडळी हलली. लॉकडाऊनच्या त्या जूनमध्ये, सगळं जग दारं लावून बसलेलं असताना वादळ आलं. आदल्या दिवशी सगळीकडून सूचना आल्या होत्या. आत्याने कान मागे करून ऐकलं आणि सांगितलं, "ओरडतोय नुसता. येत नाही." त्या दिवशी तिने मागच्यावर विश्वास ठेवला, आयुष्यभराचा शेजार म्हणून.

भर दुपारी आलं. आम्ही दोघं आणि गडी माजघरात भिंतीला पाठ लावून बसलो होतो. कौलं उडत होती, पण खरा आवाज मागून येत होता, एकेक सुपारी मोडल्याचा. प्रत्येक आवाजाला आत्याचं अंग दचकायचं. आधी ती काहीतरी पुटपुटत होती. मग नुसतीच माझा हात धरून बसली.

संध्याकाळी वारा पडला. आत्याने स्वतः उठून मागचं दार उघडलं, आणि त्या दारातून घरात ऊन आलं. मी तिथं राहायला आल्यापासून कधी आलं नव्हतं. सगळी वाडी एका अंगाला आडवी पडली होती, केवड्याचं बन मुळासकट गेलं होतं आणि त्याच्या पलीकडे तो होता. मातकट, रुंद, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मावळता सूर्यसुद्धा होता. ज्याच्यासाठी मी पुणं सोडलं ते सगळं चित्र माझ्यापुढे जसंच्या तसं मांडलेलं होतं, आणि माझ्या मेल्या डोक्याने त्याही क्षणी ओळ काढली, 'अखंड सागरदर्शन'. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"आत्या," गडी म्हणाला, "काय न्हाय ऱ्हायलं."

आत्या उंबऱ्यात उभी होती. अनोळखी पुरुषमाणूस घरात शिरल्यावर घ्यावा तसा तिने पदर खांद्यावरून ओढून घेतला.

"आलास ना शेवटी घरात?" ती समुद्राला म्हणाली. एवढ्या वर्षांत ती त्याच्याशी थेट बोलली ती ही पहिली वेळ. मग तिने दार लावलं, आडवा अडणा घातला आणि माजघरात खाली बसून ढसाढसा रडली. मीही रडलो. माझ्या सगळ्या अंघोळीतल्या गोष्टी खोट्या होत्या. तिचं जे काही नेलं ते त्याने त्या दिवशी नेलं.

रस्ते मोकळे झाले तसा भाचा आला. ताडपत्री, तांदूळ, जनरेटर, सगळं घेऊन आला. दिवसचे दिवस राबला, छपरावर चढून स्वतः कौलं चढवली. मी खालून एकेक कौल वर देत होतो आणि त्यातली निम्मी माझ्या हातून फुटली. आळी कशीबशी उभी राहिली. मग एका संध्याकाळी तो आत्याजवळ येऊन बसला आणि हळूच विषय काढला.

"आत्या, झालं ते वाईटच झालं. पण आता तो दिसतोय ना. परत सुपारी लावायची, ती मोठी होणार कधी? तोपर्यंत..."

"तोपर्यंत मी असेन का, असंच ना?"

"तसं नाही गं!"

"तसंच आहे, आणि खरं आहे. पण मी आहे तोवर तो दिसेनासा केला, तर?"

भाचा हसला. हसताना त्याचे डोळे भरले होते. "समुद्र लपवतेस? लपव. तुझ्याने लपला तर मी कॉटेजचं नाव काढणार नाही. तुझ्या माघारीसुद्धा नाही. शपथ!"

"कोणी ठरवायचं, दिसतो का नाही ते? तुझ्या डोळ्यांत कॉटेज आहे."

"काका आहेत ना. काका सांगतील ते फायनल."

म्हणजे बघा, ज्याने जन्मभर नसलेला समुद्र लोकांना दाखवला, त्याला पंच नेमलं. बायकोला फोनवर सांगितलं तर ती इतकी हसली, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

लागवड सुरू झाली. सुपारीची रोपं गुडघ्याएवढी, त्यांना सावली म्हणून मधे केळी आणि टोकाला केवडा. मीही राबलो. मी रोवलेलं केवड्याचं एक खोड उलटं लागलं. "पुणेकर," आत्या म्हणाली, "झाडाचं डोकं कुठलं आणि पाय कुठले, एवढं तरी बघत जा रे." माझी पाठ धरली, हातांना काटे लागले, आणि मागच्या दाराला दिवसभर अडणा. कामाला जायचं तेवढं उघडायचं, की लगेच बंद. "परका माणूस दारात उभा असताना दार उघडं टाकून बसत नाहीत," ती म्हणायची.

फक्त संध्याकाळी ती दार उघडून पडवीत बसायची. हवा खायला नव्हे, तपासायला. केळी वाढल्या तशी तिची बैठक खाली खाली येत गेली. आधी माझी आरामखुर्ची मागवली. तिच्यावरून सगळाच दिसायचा. मग स्टूल. "अर्धा गेला," ती म्हणाली. मग पाट. पाटावरून नुसती एक पट्टी दिसायची. मी म्हटलं, "आत्या, ही लबाडी आहे. समुद्र तेवढाच आहे, तुम्ही खाली येताय."

"मग? तो वर येत नाही तर कोणीतरी खाली यायला नको?"

खरी अडचण केळीच्या पानांची होती. खाऱ्या वाऱ्याने ती फाटायची, आणि बरोबर मधे, जुन्या पायवाटेच्या जागी, एक फट राहिली होती. वारा आला की पानं हलायची आणि फटीतून लखकन पाणी दिसायचं, परत जायचं. "बघ बघ," आत्या म्हणायची, "डोळा मारतो मेला. म्हातारीला!" त्या फटीत तिने काय काय लावलं! भेंड लावलं, एरंड लावला, एकदा तर जुनं पातळ दोरीवर वाळत घालून ठेवलं. ते मी पंच म्हणून बाद केलं. ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

मग एका पावसाळ्यात तिला ताप आला आणि तो निघेना. ताप उतरला तशी शक्तीही उतरली. भाच्याने पनवेलहून वर-खाली होणारा पलंग आणला, दवाखान्यात असतो तसा. आत्याने त्याला हात लावू दिला नाही. "खाली गादी घाला. माजघरात. इथं, दाराच्या समोर."

"आत्या, जमिनीवर ओल आहे," भाचा म्हणाला.

"ओल माझ्या ओळखीची आहे."

डॉक्टर रागावले, मी समजावलं, आळीतल्या बायकांनी समजावलं. ती ऐकेना. म्हातारपणाचा हट्ट म्हणून आम्ही गादी खाली घातली. तिने डोकं कुठे, उशी किती जाड, सगळं दोनदा बदलायला लावलं. मागच्या दाराला अडणा होताच.

पावसाळा संपत आला होता. भाचा सगळं काम सोडून येऊन राहिला होता. तिचं बोलणं आता थोडंच उरलं होतं, पण जे होतं ते खणखणीत. एका दुपारी जेवणं झाल्यावर तिने आम्हा दोघांना हाक मारली.

"जा. दोघं बघून या. दिसतो का ते."

आम्ही पडवीत आलो आणि दार मागे ओढून घेतलं. उभे राहिलो. केळी छान माजल्या होत्या, सुपारीची पोरं खांद्याला आली होती, केवडाही दाटला होता, मी उलटा लावलेलासुद्धा. आणि मधली फट तशीच. वारा होता. फटीतून समुद्र निळाशार, लख्ख, दिसायचा आणि जायचा, दिसायचा आणि जायचा. आंधळ्यालाही दिसला असता.

भाच्याने गॉगल काढला आणि पुसत राहिला. "काका," तो म्हणाला, "तुम्ही पंच आहात. तुम्हीच सांगा." माझ्याकडे त्याने बघितलं नाही.

आत आलो. आत्याचे डोळे आमच्यावर लागलेले. त्या डोळ्यांत अशी भीती मी वादळातही पाहिली नव्हती.

"काय रे, पुणेकर?"

"नाही दिसत, आत्या," मी म्हणालो.

तिने मान भाच्याकडे वळवली. "आणि तुला?"

एवढा मोठा माणूस, खालचा ओठ दातांत धरून उभा होता. मग गुडघ्यांवर बसला आणि तिचा हात हातात घेतला. "मला पण नाही दिसत गं आत्या," तो म्हणाला. "लपवलास तू. मी हरलो."

तिने एक मोठा श्वास सोडला. "मग उघडा ते दार. किती दिवस कोंडून ठेवाल? वारा तरी येऊ दे."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दार उघडलं तर ती फट बरोबर समोर! भाचा उठेना. शेवटी मीच उठलो, अडणा काढला आणि दोन्ही फळ्या उघडल्या. उभ्या उभ्या मला तो स्पष्ट दिसला, डोळा मारताना. मी मनातल्या मनात म्हटलं, आता आपलं काही खरं नाही.

आत्या शांतपणे बघत होती.

"नाहीच की," ती म्हणाली.

मला वाटलं, डोळे गेले हिचे. किंवा ती आम्हा दोघांना सांभाळून घेतेय. राहवेना. मी तिच्या उशीपाशी गुडघे मोडून बसलो, ते कटकन वाजले, आणि डोकं जमिनीला टेकेपर्यंत वाकलो, अगदी तिच्या डोक्याशेजारी. आणि दाराकडे पाहिलं. उंबऱ्याच्या वर नुसतं हिरवं होतं. सुपारीची पोरं, केळीचे बुंधे, त्यांच्या मागे केवडा. फट कुठेच नव्हती. खरंच दिसत नव्हता तो.

मी तसाच वाकून राहिलो. चेहरा वर करायची सोय नव्हती.

"डोकं काढ, पुणेकर," आत्या म्हणाली. "वारा अडवतोयस."